आपत्कालीन संदेशवहन आणि हौशी रेडिओ

भूकंप, चक्रीवादळ किंवा महापुरात दूरध्वनी, मोबाइल आणि इंटरनेट बंद पडल्यावर परवानाधारक हौशी रेडिओचालक आपल्या बिनतारी केंद्रांवरून विनामोबदला चालवतात ती संदेशसेवा. या चालकांना जगभर ‘हॅम’ म्हणतात. प्रत्येकाने परीक्षा देऊन परवाना घेतलेला असतो आणि प्रत्येकाला स्वतःचे कॉल साइन, म्हणजे हवेतली ओळखखूण, असते.

मोबाइलवरचा आवाज पलीकडे पोहोचण्यासाठी मधली मोठी साखळी शाबूत असावी लागते: मनोरा, त्याची वीज, वीज गेल्यास बॅटरी किंवा जनरेटरचे डिझेल, मनोऱ्याला जोडणारी केबल, पुढचे स्विचिंग केंद्र. यातला एक दुवा तुटला तरी परिसर मुका होतो. मनोरे उभे राहिले तरी सगळे एकाच वेळी फोन लावू लागतात आणि यंत्रणा तुंबते. हॅम केंद्राला मधले कोणी लागत नाही. ट्रान्सीव्हर (संदेश पाठवणारा व घेणारा संच), मोटारीची 12 व्होल्टची बॅटरी आणि दोन झाडांमध्ये ताणलेली तार एवढ्यावर माणूस शेकडो किलोमीटर दूरच्या माणसाशी थेट बोलतो. आपत्तीतले त्याचे मोल याच स्वावलंबनात आहे.

1928 मध्ये ‘इटालिया’ हे हवाई जहाज (एअरशिप) उत्तर ध्रुवावरून परतताना हिमावर कोसळले. वाचलेल्यांजवळ एक छोटा लघुलहरी प्रेषक होता. त्यावरून अनेक दिवस मदतीची हाक जात होती, पण स्वालबार्डमध्ये थांबलेल्या त्यांच्याच साहाय्यक जहाजाला ती मिळत नव्हती. अखेर 3 जून रोजी निकोलाय श्मिट या तरुण रशियन हौशी चालकाने दोन हजारांहून अधिक किलोमीटरवरच्या एका खेड्यात, घरी बनवलेल्या ग्राहीवर (रिसीव्हरवर) ती पकडली. त्यानंतर शोधाला दिशा मिळाली आणि 12 जुलै रोजी ‘क्रासिन’ या बर्फफोड्या जहाजाने हिमावर उरलेल्यांना उचलले.

जवळच्याला ऐकू न येता दूरच्याला ऐकू यावे, याचे एक कारण स्किप झोन हे मानले जाते. 3 ते 30 मेगाहर्ट्झच्या लहरी, म्हणजेच लघुलहरी, आयनांबर या वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून खाली वळतात. तिरप्या गेलेल्या लहरी फार दूर उतरतात आणि मधला पट्टा कोरडा राहतो. आपत्तीत तर बहुतेक वेळा शेजारच्या जिल्ह्याशीच बोलायचे असते. म्हणून हॅम अँटेना मुद्दाम जमिनीपासून काही मीटरवरच, बुटकी बांधतात. मग लहरी जवळजवळ सरळ वर जातात आणि छत्रीसारख्या चारही बाजूंना उतरून सुमारे 300 ते 500 किलोमीटरचा भाग डोंगरदऱ्यांसकट व्यापतात. दिवसा यासाठी 7 मेगाहर्ट्झचा पट्टा सोयीचा. त्याला साधारण 20 मीटर तार पुरते. रात्री 3.5 मेगाहर्ट्झकडे वळावे लागते. शहराच्या आत 144 आणि 430 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांतले, सुमारे 5 वॉटचे हातातले संच चालतात. उंचावरचा रिपीटर, म्हणजे आलेला संदेश पुन्हा प्रसारित करणारा संच, त्यांचा पल्ला वाढवतो, पण रिपीटर हाही मधला दुवाच आहे आणि तोही पडू शकतो.

यंत्रापेक्षा अवघड असते ती शिस्त. एका वारंवारतेवर वीस जण एकदम बोलले तर कोणाचेच कळत नाही, म्हणून ‘नेट’ भरवतात. नेट कंट्रोल म्हणून बसलेले केंद्र कोणी कधी बोलायचे ते ठरवते. तातडीचा संदेश असलेल्याला आधी वाट मिळते आणि बाकीचे ऐकत थांबतात. तासन् तास गप्प बसून ऐकणे हेसुद्धा कामच आहे आणि ते करणाऱ्यांची दखल फारशी कोणी घेत नाही. औपचारिक संदेशाला क्रमांक, प्राधान्य, मूळ केंद्र, वेळ आणि शब्दसंख्या असते. घेणारा शब्द मोजून ताळा करतो. मजकुरातला एकही शब्द आपल्या मनाने बदलायचा नाही, हा नियम कडक आहे. औषधाच्या सात कुप्या हव्यात की साठ, हे खरखरीत सहज चुकते. म्हणून आकडे सुटे उच्चारतात आणि परत वाचून घेतात. आवाज अगदीच पोहोचत नसेल तेव्हा मोर्स संकेत अजूनही उपयोगी पडतात, कारण त्यांना फार अरुंद पट्टा पुरतो. लांबलचक याद्यांसाठी विनलिंक ही रेडिओवरून ई-मेल नेणारी व्यवस्था वापरतात.

डिसेंबर 2004 मध्ये भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखालील भारतीय हॅमचा एक गट अंदमानातून जगभरच्या चालकांशी संपर्क साधण्यासाठी पोर्ट ब्लेअरला गेला होता. 26 डिसेंबरला त्सुनामी आली. गटाने हौशी संपर्क थांबवून तेच केंद्र बेटांवरच्या लोकांचे निरोप मुख्य भूमीला पोहोचवण्यासाठी लावले. 2017 मध्ये मारिया चक्रीवादळाने पोर्तो रिको उद्ध्वस्त केल्यावर अमेरिकन रेड क्रॉसच्या विनंतीवरून 22 हॅम स्वयंसेवक तिथे गेले. ब्रिटनमध्ये तर 1953 च्या उत्तर समुद्रातील पुराच्या अनुभवातूनच ‘रेनेट’ हे हॅमचे आपत्कालीन जाळे उभे राहिले.

एरवी हौशी केंद्रावरून तिऱ्हाइतासाठी आंतरराष्ट्रीय संदेश पाठवायला बंधने असतात. आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमावली आपत्तीत मात्र ती मुभा देते. 2003 च्या जागतिक रेडिओसंवाद परिषदेने सदस्य राष्ट्रांना हौशी केंद्रांची आपत्तीसाठी पूर्वतयारी होऊ देण्याचे आवाहन केले. 14.300, 18.160 आणि 21.360 मेगाहर्ट्झ या वारंवारता जगभर आपत्कालीन संपर्काची केंद्रे मानल्या जातात. आपत्तीच्या काळात इतरांनी त्यांच्या आसपास प्रसारण टाळावे अशी अपेक्षा असते.

कपाटात नुसता संच असून भागत नाही. अमेरिकेत 1933 मध्ये सुरू झालेला ‘फील्ड डे’ दर जूनमध्ये होतो. त्यात चालक संच उघड्यावर मांडतात आणि जनरेटर, बॅटरी वा सौर पॅनेलवर केंद्रे चालवतात. जिल्हा प्रशासनाशी ओळखही आधीचीच हवी. ऐन संकटात दारात आलेल्या अनोळखी स्वयंसेवकाला काम सोपवायला कोणाला फुरसत नसते.

या सेवेला मर्यादाही आहेत. सप्टेंबर 2017 मध्ये इर्मा चक्रीवादळ कॅरिबियन बेटांवर असतानाच सूर्यावर मोठा उद्रेक झाला आणि लघुलहरी संपर्क काही काळ कोलमडला. त्यावर चालकाकडे इलाज नसतो. दुसरी अडचण गोपनीयतेची. अर्थ लपवण्यासाठी सांकेतिक भाषा वापरायला हौशी सेवेत बंदी आहे, त्यामुळे प्रत्येक शब्द कोणीही ऐकू शकतो. मृतांची नावे किंवा रुग्णांची माहिती उघड्या वारंवारतेवर सांगणे म्हणून टाळतात. असा तपशील पोलीस वा आरोग्य यंत्रणेच्या स्वतःच्या माध्यमातून जाईपर्यंत थांबावे लागते.