धावताना पाऊल टेकण्याची पद्धत

धावताना हवेतले पाऊल खाली येते तेव्हा त्याचा कोणता भाग जमिनीला आधी लागतो, यावरून धावण्याच्या तीन पद्धती मानतात: टाच आधी टेकणे, संपूर्ण पाऊल जवळजवळ एकदम सपाट टेकणे, आणि चवडा आधी टेकून मग टाच खाली येणे. धावणाऱ्यांच्या बोलण्यात ‘हील स्ट्राइक’, ‘मिडफूट’ आणि ‘फोरफूट’ हेच शब्द रुळले आहेत. बूट घालून लांब पल्ला धावणारे बहुतेक जण टाचेवर उतरतात. कमी अंतराचे वेगवान धावपटू चवड्यावर.

फरक नुसत्या शैलीचा नाही. टाच आधी आपटली की पहिल्या काही मिलिसेकंदांतच एक तीव्र दणका नडगीतून वर गुडघ्याकडे जातो. चवड्यावर उतरताना घोटा किंचित वाकतो, पोटरी आणि टाचेमागची अकिलीस कंडरा ताणली जाते, पावलाची कमान दबते आणि पुन्हा उसळते. त्यामुळे तो सुरुवातीचा दणका जवळजवळ नाहीसा होतो. डॅनिएल लिबरमन आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात हे मोजमापांसह मांडले. बूट काढून फरशीवर जागच्या जागी धावून पाहिले तर याची प्रचिती लगेच येते. कुणी न सांगता आपण चवड्यावर उतरतो, कारण अनवाणी टाच कठीण जमिनीवर आपटलेली सहन होत नाही.

यातूनच ‘नैसर्गिक धावणे’, म्हणजे अनवाणी किंवा पातळ तळव्याच्या बुटांत चवड्यावर धावणे, ही कल्पना लोकप्रिय झाली. जाड, गुबगुबीत टाचेचे बूट 1970च्या दशकापासून सर्वत्र पसरले. माणूस त्याआधी लाखो वर्षे धावत होता. इथिओपियाचा अबेबे बिकिला 1960च्या रोम ऑलिंपिकची मॅरेथॉन अनवाणी धावून जिंकला, हे उदाहरण नेहमी दिले जाते. पण 1964 मध्ये टोकियोत तोच बूट घालून धावला, पुन्हा जिंकला, आणि तेही आधीपेक्षा कमी वेळात. उत्तर केनियातील दासानाच लोक अनवाणीच वावरतात. त्यांच्या धावण्याचा 2013 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की सोयीच्या, बराच वेळ टिकेल अशा वेगाने धावताना त्यांच्यातले बरेचसे टाचेवरच उतरतात. म्हणजे अनवाणी माणसाचे पाऊलही एकाच साच्यातले नसते; वेग, जमीन आणि सवय यांप्रमाणे ते बदलते.

खरे तर कोणता भाग आधी टेकतो यापेक्षा पाऊल शरीराच्या किती पुढे टेकते, याला अधिक महत्त्व द्यायला हवे. ढांग लांब टाकून, गुडघा जवळजवळ सरळ ठेवून पाऊल पुढे रोवले की प्रत्येक पावलाला थोडा ब्रेक लागतो आणि गुडघ्यावरचा भार वाढतो. पाऊल जवळजवळ कमरेच्या खालीच, नडगी उभी असताना टेकले तर टाच आधी लागली तरी दणका सौम्य राहतो. म्हणून ‘चवड्यावर धाव’ म्हणण्यापेक्षा त्याच वेगात पावले थोडी आखूड आणि जलद टाकायला सांगणे केव्हाही चांगले. मिनिटाला पडणारी पावले 5 ते 10 टक्क्यांनी वाढवली तर गुडघा आणि खुब्यावरचा भार कमी होतो, असे मोजमापांत दिसले आहे. सगळ्यांनी मिनिटाला 180 पावलांचाच आकडा गाठावा असे मात्र नाही. उंची आणि वेगानुसार तो बदलतो.

चवड्यावर उतरल्याने भार नाहीसा होत नाही, त्याची जागा बदलते. गुडघा सुटतो, पण पोटरी, अकिलीस कंडरा आणि पावलाची लांब हाडे अडकतात. वर्षानुवर्षे जाड बुटात राहिलेल्या पायाने एकाएकी पातळ तळव्याचे बूट घालून नेहमीचे अंतर धावले, तर या हाडांना सूज येऊ शकते, बारीक तडाही जाऊ शकतो. बदल करायचाच असेल तर आधी काही मिनिटेच, मग काही आठवड्यांत हळूहळू वाढवत, अशा टप्प्यांनी करावा. दुखत नसेल तर आहे ती पद्धत बदलण्याचे कारण नाही.

आपली पद्धत ओळखण्यासाठी बुटाची झिजलेली टाच पाहणे पुरेसे नाही, कारण चालताना सगळेच टाच टेकतात. बाजूने मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण करावे आणि पाऊल जमिनीला लागते त्या क्षणी चित्र थांबवावे. तेव्हा तळव्याआधी नडगीकडे पाहावे: ती उभी आहे, की मागे कलून टाच पुढे रोवते आहे.