सुंतेचा सल्ला आणि डॉक्टरचं स्वतःचं शरीर

'लघवी करताना पुढे फुगा येतो, कातडी मागे सरकत नाही.' ठाण्यातल्या बालरोगतज्ज्ञांना ही तक्रार नवी नाही. पोर दोन-अडीच वर्षांचं असतं. एक डॉक्टर थांबा म्हणतात, दुसरे मलम लिहून देतात, तिसरे थेट सुंतेची तारीख देतात. सल्ल्यात एवढा फरक का, याचा इतिहास बराचसा अमेरिकेत आहे.

१८७० साली न्यूयॉर्कच्या लुईस सेअर या अस्थिशल्यचिकित्सकाने पाय लुळे पडलेल्या एका मुलाची सुंता केली आणि मूल सुधारल्याचं जाहीर केलं. मग काय, नाना दुखण्यांचं खापर त्या कातडीवर फुटू लागलं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिथल्या इस्पितळांत नवजात मुलग्यांची सुंता हा रिवाजच झाला. त्यातलीच काही मुलं पुढे डॉक्टर झाली. कातडी असणं हीच त्यांच्या दृष्टीने वेगळी गोष्ट.

ब्रिटनमध्ये उलटं घडलं. १९४९ साली डग्लस गेअर्डनर यांनी दाखवून दिलं की जन्मतः कातडी चिकटलेलीच असते आणि पुढच्या काही वर्षांत आपोआप सुटी होते. सरकारी आरोग्यसेवेनेही वैद्यकीय गरज नसलेल्या सुंतेचा खर्च उचलला नाही. प्रथा ओसरली.

डॉक्टरांनाच थेट विचारलं गेलं ते कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत पुरुष डॉक्टरांची स्वतःची सुंता झाली आहे की नाही, याचा त्यांच्या मताशी ठळक संबंध दिसला. पाहणीतून कार्यकारण सिद्ध होत नाही, हे खरंच. पण दोनच वर्षांनी अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सुंतेचे फायदे धोक्यांपेक्षा जास्त असल्याचं म्हटलं, तेव्हा मुख्यतः युरोपातल्या ३८ तज्ज्ञांनी २०१३ मध्ये त्यावर सांस्कृतिक पूर्वग्रहाचा ठपका ठेवला. उत्तर आलं, पूर्वग्रह तुमचाच. मला विचाराल तर एकमेकांबद्दल दोघांचंही बरोबर होतं.

आपल्याकडे या वादाचे सगळे पक्ष एकाच तालुक्यात नांदतात. टेंभी नाक्याजवळ १८७९ सालचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे. बेने इस्रायली घरांत मुलाची सुंता आठव्या दिवशी होते. मुंब्र्याच्या मुस्लिम घरांत ती ठरलेलीच. पूर्वी हज्जाम करायचे, आता पुष्कळ जण सर्जनकडे जातात. नौपाड्यातल्या हिंदू घरात विषयच निघत नाही, निघाला तर आवाज खाली येतो. डॉक्टरही अशाच कुठल्यातरी घरातून आलेला असतो. त्यामुळे कुणाला सुंता किरकोळ वाटते, तर कुणी गरज असतानाही कचरतो. आणि डॉक्टरला 'तुमचं काय?' असं विचारायची आपल्यात कुणाची टाप आहे?

विचारता येतं ते एवढंच: कातडी नुसती चिकटलेली आहे की व्रणाने आवळली आहे? चिकटलेली असेल तर वाट बघता येते, स्टेरॉइडचं मलम काही आठवडे लावून बघता येतं. ओढून मागे न्यायची मात्र नाही. पांढरट, टणक व्रण असेल तर बहुधा शस्त्रक्रिया लागते, आणि तिथे डॉक्टरांमध्ये फारसे मतभेद होत नाहीत.