शिक्षेचे तात्त्विक समर्थन आणि पर्याय

माणसाला कोंडून ठेवणे, त्याचा पैसा काढून घेणे, प्रसंगी त्याचा जीव घेणे ही कृत्ये एरवी अन्यायच ठरतात. राज्यसंस्थेने ती कायद्याने केली की न्याय्य कशी होतात, हा शिक्षेविषयीच्या चिंतनातला मूळ प्रश्न आहे. कायद्याचा भंग केल्याबद्दल, भंग करणाऱ्यालाच, अधिकृत यंत्रणेने हेतुपुरस्सर दिलेला क्लेश म्हणजे शिक्षा. साथीच्या रुग्णाला वेगळे ठेवणे त्रासदायक असले तरी त्यामागे दोषारोप नसतो, म्हणून ती शिक्षा नव्हे.

या प्रश्नाचे एक उत्तर देणारा उपयुक्ततावाद पुढच्या परिणामांकडे पाहतो. इंग्लिश तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम यांच्या मते प्रत्येक शिक्षा मुळात वाईटच. तिने त्याहून मोठे नुकसान टळत असेल तरच ती द्यावी. नुकसान टळण्याचे मार्ग तीन : जरब, गुन्हेगाराला अडवून ठेवणे आणि सुधारणा. जरब शिक्षेच्या कठोरतेपेक्षा ती चुकणार नाही या खात्रीने बसते, हे इटालियन विचारवंत चेझारे बेकारिया यांनी १७६४ मध्येच मांडले. आपण सापडणारच नाही असे धरून चालणाऱ्याला पाच वर्षे आणि दहा वर्षे यांत फारसा फरक वाटत नाही. अतिकठोर शिक्षा उलटतेही. दरोडा आणि खून यांना एकच शिक्षा असेल, तर साक्षीदाराला जिवंत सोडण्याचे कारण दरोडेखोराला उरत नाही. शिवाय शिक्षा अघोरी वाटली की दोषी ठरवणारेच कचरतात. या मतावरचा सर्वांत गंभीर आक्षेप निरपराध्याचा आहे : दंगल शमवण्यासाठी एखाद्या निर्दोष माणसाला फाशी देणे फायद्याचे ठरले, तर त्याला नकार कशाच्या आधारावर द्यायचा?

प्रतिफलवादाकडे याचे थेट उत्तर आहे : अपराध्याला त्याच्या कृत्याचे उचित फळ मिळावे, आणि ते त्यालाच मिळावे. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, हा जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांचा आग्रह त्यामागे आहे. अडचण येते ती मापाची. ‘डोळ्यास डोळा’ हे माप अफरातफरीला किंवा फसलेल्या खुनाच्या प्रयत्नाला कसे लावणार? अपराधांचा गांभीर्यानुसार क्रम लावता येतो, पण चोरी म्हणजे सहा महिने की सहा वर्षे हे त्या क्रमातून निघत नाही.

ब्रिटिश कायदेतत्त्वज्ञ एच. एल. ए. हार्ट यांनी म्हणून दोन प्रश्न वेगळे केले. शिक्षेची व्यवस्था मुळात का असावी, याचे उत्तर परिणामांत शोधावे. कोणाला आणि किती, याला दोषाची मर्यादा असावी. वाद अडकतात ते बहुतेक वेळा हे प्रश्न एकत्र केल्याने.

शिक्षेच्या पर्यायांपैकी पुनर्स्थापक न्यायाचा, म्हणजे अपराध्याने पीडिताचे नुकसान भरून काढण्यावर भर देणाऱ्या पद्धतीचा, वापर बराच वाढला आहे. कॅनडातील एल्मायरा येथे १९७४ मध्ये, नासधूस करणाऱ्या दोन तरुणांना नुकसान झालेल्यांच्या दारी पाठवून भरपाई करायला लावले गेले. आता त्याची सर्वसाधारण रीत अशी : आरोपी जबाबदारी मान्य करतो, मध्यस्थ आरोपी आणि पीडित या दोघांना आधी स्वतंत्रपणे भेटतो, मग समोरासमोर बैठक, लेखी करार आणि कराराचा पाठपुरावा. पूर्वतयारी घाईत उरकली तर पीडितावर माफीचे दडपण येते. घरगुती हिंसाचारात दोघांचे बळ विषम असल्याने हा धोका विशेष मोठा असतो. पाठपुरावा नसेल तर भरपाईही कागदावरच राहते.

शिक्षेऐवजी उपचार, हा दुसरा पर्याय ऐकायला मवाळ वाटतो. पण ‘बरा होईपर्यंत’ या अटीला मुदत नसते, आणि किरकोळ चोरी करणारा खुन्याहून अधिक काळ बंदिस्त राहू शकतो. त्यामुळे उपचाराचे अनेक पुरस्कर्तेही कोठडीच्या कालावधीला कमाल मर्यादा आणि ठरावीक मुदतीने स्वतंत्र फेरतपासणी मागतात.