धैर्याने जवळ जाणं आणि देवाला गृहीत धरणं

दार लावून एकांतात प्रार्थनेला बसलेली दोन माणसं. दोघंही देवाला ‘बापा’ म्हणतात, मोकळेपणी मागतात, तेच तेच पुन्हा मागतात. एक धैर्याने आलेलं असतं, दुसरं देवाला गृहीत धरून. बोलण्यावरून ओळखू येत नाही. कोण कशाच्या भरवशावर आलंय, ते पाहावं लागतं.

बायबलमधल्या इब्री लोकांस पत्रात (4:16) कृपेच्या राजासनाजवळ ‘धैर्याने’ जाऊ, असं म्हटलंय. मूळ ग्रीक शब्द ‘पार्रेसिया’. अथेन्सच्या नागरिकाला मनातलं उघडपणे बोलायची जी मुभा होती, तिच्यासाठी हाच शब्द होता. पण त्याच वचनातला ‘राजासन’ हा शब्द आपण भरकन वाचून पुढे जातो. जायचंय ते राजापुढे. आणि मुभा मिळाली कुणामुळे, ते आधीच्याच दोन वचनांत आहे: येशू, आपला प्रमुख याजक, म्हणजे लोकांच्या वतीने देवापुढे जाणारा. जुन्या करारात परमपवित्रस्थानी, म्हणजे पडद्याआडच्या सगळ्यात आतल्या जागी, प्रमुख याजक एकटाच जाई, तोही वर्षातून एकाच दिवशी, अर्पणाचं रक्त घेऊन. येशूच्या मरणाच्या वेळी मंदिराचा पडदा वरपासून खालपर्यंत फाटला. वाट मोकळी झाली. आत जो पवित्र देव होता तो तोच आहे.

उत्पत्तीच्या 18व्या अध्यायातला अब्राहाम पाहा. देव नाश करणार असलेलं सदोम शहर वाचावं म्हणून, तिथे 50 नीतिमान असतील तर ते राखशील ना, इथपासून तो सुरुवात करतो आणि 45, 40, 30, 20 करत 10 वर येतो. सहा वेळा मागणं! पण मागणं पुढे सरकतं तसा सूर नमतो. मी तर धूळ व राख, असं म्हणतो; मग प्रभूने रागावू नये म्हणून विनवतो.

उलट लूकच्या 18व्या अध्यायातला, मंदिरात प्रार्थनेला आलेला परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा. त्याने काहीच मागितलं नाही, नुसते आभार मानले आणि उपासाचा, दशमांशाचा (देवाला दिलेल्या दहाव्या हिश्श्याचा) हिशेब दिला. गृहीत धरणं इतकं सभ्य दिसू शकतं, हे वाचून मी दर वेळी हादरतो. त्याच गोष्टीतला जकातदार, लोकांच्या लेखी पापी, दूर उभा, वर पाहायलाही धजेना, तरी त्याने सरळ दया मागितली. माझ्या मते धैर्य त्याचंच.

(आदर म्हणजे धास्ती, असंही काहींना वाटतं. निर्गम 20:20 मध्ये मोशे एका दमात दोन्ही सांगतो: भिऊ नका, आणि देवाचं भय बाळगा.)

खरी ओळख पटते ती उत्तर येत नाही तेव्हा. गृहीत धरणारा रुसतो आणि प्रार्थनाच सोडतो. धैर्याने आलेला रडेल, 13व्या स्तोत्रासारखं ‘किती काळ?’ असंही विचारेल, पण उठून जाणार नाही. मरणाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशू जमिनीवर पडला होता आणि ओठांवर ‘अब्बा’, म्हणजे ‘बापा’, होतं. हा दुःखाचा प्याला दूर कर म्हणाला, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो म्हणाला. शिष्यांकडे येऊन गेला, आणि परत जाऊन त्याने तेच शब्द उच्चारले.