वाड्याचं भाडं कायद्यानं गोठवलंय?

‘वाड्यातलं भाडं कायद्यानं गोठवलंय, मालकाला पैसाही वाढवता येत नाही,’ हे सदाशिव पेठेपासून कसब्यापर्यंत ऐकू येतं. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याखाली ते बरंचसं खरं होतं. पण ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू आहे, आणि त्याच्या कलम ११ नुसार दरवर्षी ४ टक्के वाढ करता येते. आता गंमत बघा: भाडं ४० रुपये असेल तर पहिली वाढ १ रुपया ६० पैसे! एवढ्यात नळाचा वायसर येत नाही, तर कौलं कुठून येणार? मालकांची कुरकुर रास्तच. फक्त ते सांगतात ते कारण चुकीचं आहे. दुरुस्तीच्या खर्चापोटी वेगळी वाढही मिळते, तिलाही मर्यादा आहेच. लीव्ह अँड लायसन्सवरच्या, म्हणजे ठरावीक मुदतीच्या परवाना करारानं दिलेल्या फ्लॅटला मात्र ही ४ टक्क्यांची अट लागत नाही.