हडप्पाकालीन नगररचनेतील मापे

सिंधू संस्कृतीच्या नागरी काळात (इ. स. पू. सुमारे २६००–१९००) विटा, भिंती आणि अख्खी नगरे आखण्यासाठी वापरलेली मापे व प्रमाणे. लिपी अजून वाचता आलेली नसल्याने या मापांची मूळ नावे कळत नाहीत. जे कळते ते बांधकामातून आणि हाती लागलेल्या मोजक्या मोजपट्ट्यांतून.

सुरुवात विटेपासून करावी. तिची जाडी, रुंदी आणि लांबी १:२:४ या प्रमाणात असते. भाजलेली वीट बहुधा ७ × १४ × २८ सेंमी., कच्ची अनेकदा त्याहून मोठी, पण प्रमाण तेच. यात गवंड्याची मोठी सोय आहे. दोन विटा शेजारी ठेवल्या की त्यांची रुंदी मिळून एका विटेच्या लांबीएवढी भरते. म्हणून एका थरात उभ्या, वरच्या थरात आडव्या विटा लावल्या तरी भिंतीची जाडी बदलत नाही, आणि सांध्यावर सांधा येत नाही.

गुजरातमधील लोथल या हडप्पाकालीन स्थळी मिळालेली हस्तिदंती मोजपट्टी तुटकी आहे. तिच्यावर ४६ मिमी. अंतरात २७ रेषा कोरल्या आहेत. दोन रेषांत जेमतेम पावणेदोन मिलिमीटर. मोहेंजोदडोच्या शिंपल्याच्या पट्टीवर मात्र एकेक भाग ६.७ मिमी.चा आहे. तेव्हा सगळीकडे एकच पट्टी चालत होती, असे ठामपणे म्हणू नये.

खरी कमाल कच्छमधील धोलावीऱ्याची. खडीर बेटावरच्या या नगराचे उत्खनन रवींद्र सिंह बिश्त यांनी केले. बाहेरचा तट सुमारे ७७१ × ६१७ मी., म्हणजे ५:४. मधले नगर सुमारे ३४०.५ × २९०.५ मी., म्हणजे जवळपास ७:६. एवढ्या मोठ्या अंतरात असे नेमके प्रमाण मोजणीच्या दोरीशिवाय किंवा काठीशिवाय साधत नाही. अभ्यासक मिशेल दानिनो यांनी या मोजमापांवरून सुमारे १.९ मी. लांबीचे मूळ माप मांडले. त्याचे १०८ भाग केले तर एक भाग १७.६ मिमी.चा होतो, आणि लोथलच्या पट्टीवरचे दहा भागही जवळपास तेवढेच भरतात. पुढे कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त रस्ते आणि तट मोजण्यासाठी १०८ अंगुळांचेच (अंगुळ म्हणजे बोटाची रुंदी) ‘धनुष्य’ नावाचे माप सांगितले आहे. मध्ये दीड हजारांहून अधिक वर्षे गेली असल्याने हा सिद्ध वारसा ठरत नाही. तरी तटाच्याच मापाला हाच आकडा यावा, हा निव्वळ योगायोग वाटत नाही.

त्याच ग्रंथात १२ अंगुळांची वितस्ती आणि २४ अंगुळांचा हात येतो. वितस्तीची मराठीत वीत झाली. फुलबाजारात गजरा आजही हातावर मोजून देतात.