'सिव्हिल' म्हणजे नक्की कोणतं? सोलापूरच्या सर्वोपचार रुग्णालयाची पार्श्वभूमी

सोलापूर स्टेशनवर उतरून रिक्षावाल्याला 'श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय' असं कुणी सांगत नाही. 'सिव्हिलला चला' म्हटलं की झालं. मात्र कारभार पाहिला तर हे 'सिव्हिल' नाही. ते डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं, शिकवणारं रुग्णालय आहे. इथला प्रमुख अधिष्ठाता, म्हणजे डीन, असतो, जिल्हा शल्यचिकित्सक, म्हणजे सिव्हिल सर्जन, नव्हे. खातंही आरोग्याचं नाही, वैद्यकीय शिक्षणाचं. रुग्णाला हा फरक कागदी वाटतो. पण केसपेपर काढण्यापासून डिस्चार्ज कार्डापर्यंत तो जागोजागी आडवा येतो.

'सिव्हिल' हा शब्द इंग्रजी अमलातला. जिल्ह्याच्या गावी एक सिव्हिल सर्जन आणि त्याच्या हाताखाली एक रुग्णालय. उपचार, शवविच्छेदन, कोर्टाचे वैद्यकीय दाखले, सगळं त्याच्याकडेच. सोलापूरला नगरपालिका 1852 मध्ये आली, 1860 च्या सुमारास रेल्वे आली आणि 1877 मध्ये पहिली कापड गिरणी, जिला गाव अजून 'जुनी गिरणी' म्हणतं. गिरणीमागोमाग माणसं आली, माणसांमागोमाग दाटीच्या चाळी, आणि चाळींमागोमाग क्षय. कापसाच्या धुळीनं होणारा छातीचा विकारही इथल्या कामगारांचा. त्याची खूण अशी, की रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी कामावर गेलं की छाती आवळते आणि आठवडा सरेल तशी थोडी सैल पडते. विकार जुना झाला की मग सोमवार-शनिवार सारखेच. मोठ्या गिरण्या बंद पडल्या, यंत्रमाग आणि विड्या वळणं राहिलं. त्यामुळे इथे खोकल्याच्या रुग्णाला 'काम काय करता?' हा प्रश्न चुकवून चालत नाही.

बाळंतपणाची सोय निराळ्या वाटेनं आली. व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरीन यांनी स्त्रियांच्या उपचारांसाठी 1885 मध्ये निधी सुरू केला आणि त्यांच्या नावाची रुग्णालयं देशभर उभी राहिली. सोलापुरात ते नाव प्रसूतिगृहाला आहे आणि चौकालाही.

एवढं मोठं गिरणगाव, पण डॉक्टर व्हायचं तर गाव सोडावं लागे. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज 1845 पासून, सेठ जी. एस. कॉलेज 1926 पासून. पुण्याच्या बी. जे.ला कॉलेजचा दर्जा मिळायला 1946 उजाडलं. डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1910 मध्ये सोलापुरात जन्मले आणि शिकायला जी. एस.ला गेले. 1938 मध्ये ते वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, 1942 मध्ये तिथेच वारले. त्यांच्या गावात मेडिकल कॉलेज निघालं ते 1963 मध्ये. कॉलेज नुसत्या वर्गखोल्यांवर चालत नाही, शिकवायला खाटा लागतात. गावातल्या सरकारी रुग्णालयात खाटा होत्या, त्या कॉलेजला जोडल्या गेल्या. पदवी आधी शिवाजी विद्यापीठाची मिळे. 1998 मध्ये नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ निघाल्यावर तिकडची मिळू लागली.

शिकवणं आलं की रुग्णालयाची घडीच बदलते. मेडिसिन, सर्जरी, अस्थिरोग अशा मोठ्या विभागांची युनिटं पडतात. एका युनिटमध्ये वरिष्ठ प्राध्यापक, त्याखाली एक-दोन शिक्षक, मग पहिल्या-दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे निवासी डॉक्टर आणि तळाला इंटर्न. प्रत्येक युनिटचा ओपीडीचा वार ठरलेला. त्या दिवशी अपघात विभागातून भरती होणारे रुग्णही साधारणपणे त्याच युनिटच्या नावावर चढतात. गोंधळ इथेच होतो. मंगळवारच्या युनिटनं ऑपरेशन केलेला रुग्ण टाके काढायला गुरुवारी येतो. समोरच्या डॉक्टरनं त्याला कधी पाहिलेलं नसतं, मग पुन्हा पहिल्यापासून विचारणा आणि कधी कधी त्याच तपासण्या दुसऱ्यांदा. डिस्चार्ज कार्डावर वरच्या बाजूला युनिट आणि वार लिहिलेला असतो. औषधांच्या यादीआधी तो वाचावा. आणि कार्ड लॅमिनेट करू नये, पुढच्या भेटीची नोंद त्यावरच व्हायची असते.

'शिकाऊ पोरं तपासतात' ही तक्रार जुनीच. खरं तर इंटर्न हा साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम संपवून एक वर्षाच्या उमेदवारीवर असतो, आणि उपचाराचा निर्णय त्याच्या हातात नसतो. रुग्णाची हकीकत सकाळच्या राउंडला सगळ्यांसमोर सांगावी लागते, त्यामुळे ती तीन-चार जणांच्या नजरेखालून जाते. त्रास होतो तो तेच प्रश्न पुनःपुन्हा ऐकण्याचा. त्यात भाषेची भर. शहराच्या पूर्व भागातून तेलुगू, अक्कलकोट-विजयपूरकडून कन्नड, बाकी मराठी आणि हिंदी. बाहेरगावाहून आलेला निवासी डॉक्टर महिनाभरात 'नोप्पी' आणि 'नोवु' हे दुखण्याचे दोन शब्द शिकतो. त्याशिवाय ओपीडी पुढे सरकत नाही.

अपघात विभागातलं एक काम जवळून पाहण्यासारखं आहे: सर्पदंश. शेतातून आलेल्या माणसाला नेमका कोणता साप चावला हे सहसा सांगता येत नाही. तेव्हा 2 मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन 20 मिनिटं न हलवता ठेवतात, मग नळी एकदाच तिरकी करतात. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर घोणस किंवा फुरसं असावं. नळी प्लास्टिकची असेल, किंवा काचेची पण साबणानं धुतलेली असेल, तर निरोगी माणसाचंही रक्त गोठत नाही आणि विनाकारण सापाच्या विषावरची लस दिली जाते. मध्येच नळी हलवून पाहिली तरी निकाल बिघडतो. लस सुरुवातीला 8 ते 10 कुप्या. भुकटी विरघळवताना कुपी जोरात हलवायची नाही, फेस होतो, ती हळू फिरवायची. हे सगळं सलाइनमधून तासाभरात देतात आणि रक्ताची चाचणी 6 तासांनी पुन्हा करतात, कारण गोठण्याचे घटक नव्यानं तयार करायला यकृताला तेवढा वेळ लागतोच. लसीची प्रतिक्रिया आली तर म्हणून ॲड्रेनॅलिन आधीच भरून ठेवलेलं असतं.

मण्यारीचं प्रकरण वेगळं. जमिनीवर झोपलेल्याला रात्री ती चावते, जखम दिसत नाही, सूजही नसते. पहाटे पोट दुखतं आणि पापण्या मिटू लागतात. नळीतलं रक्त मात्र व्यवस्थित गोठतं! म्हणून त्या चाचणीवर विसंबून रुग्णाला घरी पाठवणं धोक्याचं. पुढे श्वास थांबू शकतो, मग व्हेंटिलेटर लागतो. गावाकडून आवळून बांधलेली दोरी घेऊन येणारे अजूनही असतात. ती एकदम सोडायची नसते, सलाइन लावून, लस तयार ठेवून मगच सोडतात. हात-पाय फळीला बांधून हलू न देता आणलेला रुग्ण सगळ्यांत बरा.

पैशांचा प्रश्न खात्यांच्या फरकातूनच येतो. 15 ऑगस्ट 2023 पासून आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, वैद्यकीय शिक्षण खात्याची रुग्णालयं त्या निर्णयात नव्हती. 'सरकारी आहे, मग पैसे का?' या वादाचं मूळ हेच. मोठ्या उपचारांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. ती 2012 मध्ये राजीव गांधींच्या नावानं सुरू झाली, 2017 मध्ये तिचं नाव बदललं. आता मर्यादा कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांची आहे. आरोग्यमित्राच्या, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसाच्या, टेबलावर रेशनकार्ड आणि आधार दोन्ही लागतं. अडतं ते नावापाशी: रेशनकार्डावर लग्नाआधीचं नाव आणि आधारवर सासरचं, किंवा सुनेचं नाव कार्डावर चढवलेलंच नाही. ऑपरेशनची तारीख ठरली की त्याच दिवशी हे तपासावं, कारण मंजुरी आधी लागते.

बाळंतिणीला यातलं काही लागू नाही. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात 2011 पासून सरकारी रुग्णालयातलं बाळंतपण, सिझेरियनसुद्धा, विनाशुल्क आहे. औषधं, रक्त, जेवण आणि घरी सोडायची गाडी त्यातच येते. बाळाच्या जन्माची नोंद 21 दिवसांत व्हायला हवी. घरी जाण्याआधी नोंदीच्या कागदावर आई-वडिलांच्या नावाचं स्पेलिंग स्वतः वाचून घ्यावं. दाखला छापून आल्यावर ती दुरुस्ती महिनोन्‌महिने रेंगाळते.